अठ्ठ्याण्णव कड्यांची साखळी

दादानं सगळ्यांना घरी न बोलावता गिरणीच्या कचेरीत बोलावलं, तिथंच ताई सावध झाली. घरी बसलं की माणसं चहा घेतात, जुनं उगाळतात, एकदा रडून घेतात आणि उठताना निम्मं भांडण विसरतात. कचेरीत तसं नसतं. तिथं टेबल असतं, आणि टेबलाच्या कुठल्या बाजूला कोण हे कुणी न सांगता ठरतं. दादा फिरत्या खुर्चीत बसला होता. त्याच्या मागं, काचेपलीकडे, लाकूड कापायची मोठी करवत गोणपाटात गुंडाळलेली. गिरणी बंद पडून तीन वर्षं झाली होती, तरी दादा रोज दहाला येऊन कुलूप काढायचा आणि पाचला लावायचा. या तीन वर्षांचं खापर तो धाकट्या बहिणीच्या डोक्यावर फोडायचा, आणि खरं सांगायचं तर ते अगदीच खोटं नव्हतं. जंगलातून येणारं लाकूड ताईनंच तक्रारी करकरून थांबवलं होतं.

बारा वर्षं खपली होती बाई त्याच्यापायी. पेशानं ती नकाशे काढणारी, जमीन मोजणीच्या खात्यात. तिचं म्हणणं साधं होतं. डोंगरावरचं जंगल डोंगरच राखतो, तिथं करवत चढवायची तर माणसाची कंबर मोडते. पण हे जंगल सपाटीवरचं. दोन नद्यांच्या बेचक्यात, बारमाही ओलं, आणि हमरस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. भोवतालची सपाटीवरची सगळी रानं बाबांच्या डोळ्यांदेखत गेली आणि हे एवढंच उरलं. याला राखीव दर्जा मिळवून द्यायचा, असं तिनं मनावर घेतलं. पहिला अर्ज तीन ओळींच्या पत्रासकट परत आला. दुसरा कुणाच्या तरी खणात मेला. तिसऱ्यासाठी वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आत गेले, चार महिने जळवांना रक्त पाजत झाडं मोजत बसले, आणि एका हेक्टरात दोनशे जाती सापडल्या म्हणून वर्तमानपत्रात फोटो आला. आता होणार असं वाटतंय तोवर कायदा आडवा आला. सपाटीवरचं जंगल सलग पाच हजार हेक्टर पाहिजे, आणि चाळीस वर्षांपूर्वीही ते तेवढं होतं याचा लेखी पुरावा पाहिजे. असा पुरावा अख्ख्या जगात एकाच ठिकाणी होता, बाबांच्या मोजणीच्या वह्यांत.

बाबा त्या जंगलाची हद्द राखायचे, म्हणून या घराला लोक रेषेवाले म्हणत. दोन बाजूंना नद्या, वरच्या अंगाला दलदल, तिथं हद्द निसर्गानंच घातलेली. फक्त दक्षिणेला मोकळं. तिथं झाडोरा तोडून दोन हात रुंद पट्टा काढायचा आणि दरवर्षी साफ ठेवायचा, नाहीतर जंगल तो वर्षाच्या आत गिळतं. बाबांच्या मागं हे काम धाकट्यानं, तिघांतल्या शेंडेफळानं, तीस वर्षं केलं. त्याचं घर रेषेच्या बाहेर साठ पावलांवर, मागं रोपवाटिका आणि बाबांनी ठेवलेली थोडी जमीन.

वह्यांवरून आकडा निघाला पाच हजार शंभर. ताईनं नकाशा काढला, खाली सही ठोकली की वह्या अस्सल आहेत आणि मोजणी बिनचूक आहे. गेल्या महिन्यात दर्जा जाहीर झाला. उरलं होतं फक्त हद्दीवर खुंट्या रोवणं. तिकडं लाकूड कंपनीचा अर्ज रांगेत दबा धरून बसलेलाच होता. खुंट्या रोवण्याआधी कुठं काही अडलं, की दर्जा बारगळणार आणि करवती आत जाणार.

"तुझा फोटो बघितला पेपरात," दादा म्हणाला. "झाडाला टेकून उभी होतीस. चांगला आलाय. झाडाचा."

"तुझा तरी कधी बरा आलाय रे?" आत्या म्हणाली. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, चौऱ्याऐंशी वर्षांची, ताईकडं राहायची. कान शाबूत, दात गेलेले, जिभेला अजून धार होती.

वहिनीनं थर्मासमधून चहा ओतला. कप चार होते आणि पाचवा स्टीलचा पेला. पेला तिनं स्वतःपुढं ठेवला.

"दादा, कशाला बोलावलंस ते सांग," ताई म्हणाली.

"धाकट्याला येऊ दे. त्याचंच काम आहे."

"त्याचं कसलं काम?"

"तुला ठाऊक नाही?" दादानं खुर्ची अर्धी फिरवली. "कमाल आहे. जंगलात पान हललं तर तुला कळतं म्हणतात."

ताईनं चहाचा घोट घेतला आणि तोंड भाजून घेतलं. तिला ठाऊक होतं. आठ महिन्यांपूर्वी खात्याची माणसं नवी यंत्रं घेऊन हद्द तपासायला गेली, तेव्हापासून ठाऊक होतं. तेव्हापासून ती धाकट्याकडं एकदाही गेली नव्हती. आधी महिन्यातून दोनदा जायची, त्याच्या ओसरीवर बसून नकाशे पसरायची. कधी पाठ दुखते, कधी बैठक आहे, असं सांगून तिनं आठ महिने ढकलले होते.

धाकटा आला तो बूट बाहेर काढून, मोज्यांवर. पन्नाशी उलटलेली, पण घरात तो धाकटाच. त्यानं आत्याच्या पायांना हात लावला, वहिनीला "काय म्हणताय" म्हटलं आणि ताईकडं बघून तोंडभर हसला.

"कधी आलीस? पाठ कशी आहे?"

"बरी आहे," ताई म्हणाली. त्याच्या त्या हसण्यानं तिला जीव नकोसा झाला.

त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर सरळ केला. "घ्या. रेषा मी सरकवली म्हणे."

"वाच मोठ्यानं," दादा म्हणाला.

"वाचायचं काय त्यात? यंत्रवाल्यांनी नद्या, दलदल आणि माझी रेषा यांच्यामधलं जंगल मोजलं. भरलं चार हजार आठशे अठ्ठ्याण्णव. वह्यांत आहे पाच हजार शंभर. मग दोनशेदोन हेक्टर गेलं कुठं? नदी तर कुणी खिशात घातली नाही. म्हणजे दक्षिणेची रेषाच कुणीतरी आत सरकवली. आणि रेषेवर तीस वर्षं कोण आहे? हा इसम." त्यानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "खरी हद्द माझ्या घराच्या पलीकडं होती, मी ती साडेतीनशे मीटर आत ढकलली आणि सरकारी जंगलात घर बांधलं. वर्षाला जवळजवळ बारा मीटर. भागाकारसुद्धा करून दिलाय. मी त्यांना म्हटलं, साहेब, एवढं जंगल खाल्लं असतं तर मला अपचन झालं असतं."

"हसतोस काय गाढवा!" दादा ओरडला. "घर पाडणार आहेत तुझं! अतिक्रमण म्हणतात त्याला. चोर ठरवलंय तुला, चोर!"

आणि दादा उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. ताई बघतच राहिली. या दोघांमध्ये वीस वर्षं विस्तव जात नव्हता. दादाची माणसं एकदा कुऱ्हाडी घेऊन रेषेच्या आत शिरली होती, आणि धाकट्यानं सख्ख्या भावाविरुद्ध जाऊन तक्रार नोंदवली होती. तेव्हा धाकट्याच्या पाठीशी ताई होती, आणि दादा एकटा पडला होता. आज फासे उलटे पडत होते.

"दुपारी दोनला अधिकारी इथंच येतोय," दादा म्हणाला. "मीच इथं बोलावलं. म्हटलं, जे व्हायचं ते सगळ्यांसमोर होऊ दे. जमीन तिघांच्या नावावर आहे."

धाकटा ताईकडं वळला. "ताई, तू सांग ना त्यांना. तुझं ऐकतात ते. नकाशा तुझाच आहे. कुठंतरी बेरीज चुकली असेल, बघ जरा."

"बघते," ताई म्हणाली.

"बघते काय, आत्ता बघ. वह्या तुझ्याकडंच आहेत."

तेवढ्यात आत्यानं कपाच्या तळाशी राहिलेल्या बिस्किटाचा चुरा चमच्यानं काढत, आमटीत मीठ टाकलंस का असं विचारावं तसं सहज विचारलं, "पण तू शंभरामागं दोन वजा केले होतेस ना गं?"

वहिनीनं थर्मासचं झाकण लावलं, परत काढलं.

या घरातली ही गोष्ट घराबाहेर कुणाला माहीत नव्हती. बाबांची मोजणीची साखळी लोखंडी, शंभर कड्यांची. एकदा नदी ओलांडताना खडकात अडकून तिच्या दोन कड्या पिळवटल्या. बाबांनी लोहाराकडून त्या दोन काढून टाकल्या आणि उरलेली सांधून घेतली. नवी साखळी मागायला साहेबाकडं जायचं तर मोडली कशी ते सांगावं लागलं असतं, आणि बाबा कुणापुढं मान तुकवणारे नव्हते. तेव्हापासून ते अठ्ठ्याण्णव कड्यांच्या साखळीनं मोजत आणि वहीत मात्र पुरी साखळी म्हणून मांडत. दर शंभर साखळ्यांमागं दोन वजा करायच्या, हे त्यांच्या डोक्यात असे. साखळीचं मागचं टोक आत्या धरायची, पोरगी होती तेव्हा. बायको, मुलं, सगळी त्याच साखळीखाली वाढली. वहीत ही दुरुस्ती बाबांनी एका अक्षरानं लिहिली नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, घरच्यांना माहीत आहे ना, मग झालं. पुढं घरात त्याची थट्टाच झाली होती. बाबांनी कुणाचं कौतुक केलं की आई म्हणायची, शंभरामागं दोन वजा करून घे रे.

"ताई?" धाकटा म्हणाला.

ताईनं कप खाली ठेवला. खोटं बोलावं असं क्षणभर तिच्या मनात आलं. विसरले म्हणावं. साठीची बाई, विसरते कधीकधी. कुणी विश्वासही ठेवला असता. पण समोर आत्या बसली होती, आणि आत्यापुढं आजवर तिचं एकही खोटं टिकलं नव्हतं.

"नाही केले वजा," ती म्हणाली. "मुद्दाम नाही केले."

"मुद्दाम?"

"दोन्ही तऱ्हेनं आकडे मांडून बघितले होते. लांबीतून दोन, रुंदीतून दोन, असे वजा करून चार हजार आठशे अठ्ठ्याण्णव. एकशेदोन हेक्टर कमी पडत होतं. एकशेदोन. बारा वर्षं खेटे घातल्यावर, सगळं हातातोंडाशी आल्यावर, दोन फुटक्या कड्यांसाठी ते सगळं जंगल कंपनीच्या घशात घालायचं? नाही झालं मला. वाटलं, आता आत जाऊन कोण मोजतंय. वर इतकी दाट पानं, आभाळ दिसत नाही, यंत्राला काय दिसणार."

"दिसलं," वहिनी म्हणाली.

"हो. दिसलं."

दादानं टाळी वाजवली. एकच, पण जोरात. "वा! लाकूडतोड्या मी. जंगलाचा वैरी मी. बारा वर्षं ही बाई सभांमधून माझ्या नावानं खडे फोडत होती, आणि दरोडा घरातच, नकाशाच्या कागदावर! काही काळजी करू नकोस रे धाकट्या. साखळी माझ्याकडं आहे, माळ्यावर. अधिकारी आला की त्याच्यासमोर टाकतो. मोज म्हणावं कड्या. तुझं घर वाचलं समज."

"आणि गिरणी सुरू होईल," वहिनी म्हणाली.

"काय?"

"म्हणजे काय ते सांगतेय. साखळी दाखवली की मोजणी खोटी ठरणार, जंगल पाच हजाराला कमी पडणार, दर्जा जाणार, कंपनी येणार. कंपनीचा माणूस गेल्याच आठवड्यात आपल्याकडं जेवून गेला. भावाचं घर वाचवताय ते ठीक आहे, पण करवतीवरचं गोणपाट परवाच धुवायला टाकलं होतंत, तेही सांगा."

दादाचा चेहरा काळवंडला. तीस वर्षांत नवऱ्याच्या विरुद्ध ती चारचौघांत कधी बोलली नव्हती. "तू गप बस," तो म्हणाला, पण त्यात जोर नव्हता. धाकट्याच्या खांद्यावरचा हात त्यानं काढून घेतला. आपल्या खुर्चीत परत जाऊन बसला आणि काचेकडं तोंड केलं.

धाकटा मात्र दादाचं ऐकतच नव्हता. तो ताईकडं बघत होता.

"आठ महिने माहीत होतं तुला. यंत्रवाले आले तेव्हापासून."

"हो."

"म्हणून येत नव्हतीस."

"हो."

"मला वाटलं, पाठ दुखते." त्यानं टेबलावरच्या कागदाची परत घडी घातली. "मी गवती चहाचं तेल काढून ठेवलं होतं तुझ्यासाठी. बाटली भरून." मग त्याचा आवाज एकदम चढला. "मला विचारायचं होतंस गं! एकदा, फक्त एकदा यायचं, ओसरीवर बसायचं आणि म्हणायचं, असं असं केलंय, आता जंगल वाचवायचं तर तुझं घर जातंय. मी कधी तुला नाही म्हटलंय? लहानपणापासून कधी?"

"नाही म्हटलं नसतंस, म्हणूनच नाही विचारलं," ताई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तिला स्वतःचाच राग येत होता. "तू हो म्हटलं असतंस. मग जन्मभर तुझ्या मानगुटीवर बसल्यासारखं झालं असतं मला."

"आणि आता कुठं बसली आहेस?"

आत्यानं पदरानं तोंड पुसलं. "मला कुणी विचारलं तर मी खोटं बोलायची नाही," ती म्हणाली. "पण म्हातारीला विचारतंय कोण. बाकी ज्याचं त्यानं बघा. तुमच्या बापानं एक ओळ लिहिली असती वहीत, तर आज ही पाळी आली नसती. ताठा नुसता. घराण्याचाच रोग आहे हा."

अधिकारी दोनला येणार होता, तो दोनलाच आला. तिशीचा पोरगा, इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची फाइल, वागायला अतिशय नम्र. दारातूनच त्यानं ताईला हात जोडले.

"मॅडम, तुम्हीही आहात! बरं झालं. परवा खात्यात सगळे तुमच्याचविषयी बोलत होते. सपाटीवरचं शेवटचं जंगल, आणि तुमच्यामुळं वाचलं. माझ्या मुलीला मी तुमचा फोटो दाखवला." मग आवाज उतरवून म्हणाला, "हे असलं काम घेऊन यावं लागलं याचं वाईट वाटतं. घरच्याच माणसाचं निघावं म्हणजे... पण तुमच्या वडिलांच्या वह्या इतक्या चोख आहेत की संशयाला जागाच नाही."

दादा काचेकडं बघत मोठ्यानं हसला. अधिकाऱ्याला वाटलं, दुःखानं हसतोय.

त्यानं कागद मांडला आणि नीट समजावून सांगितलं. रेषा सरकवल्याची कबुली द्यायची. दिली तर खटला नाही, सरकवलेलं दोनशेदोन हेक्टर परत जंगलातच धरायचं, तीस दिवसांत घर रिकामं करायचं, आणि पुढच्या सोमवारी खुंट्या रोवल्या की दर्जा कायमचा पक्का. कबुली नसेल तर हरकत नोंदवायची. मग फाइल परत वर जाणार, वह्यांची पहिल्यापासून तपासणी होणार, आणि तोवर दर्जा स्थगित.

"स्थगित म्हणजे कंपनी?" धाकट्यानं विचारलं.

"त्यांचा अर्ज पुढं सरकेल. मी अडवू शकणार नाही."

दादा खुर्चीसकट वळला. "साहेब, एक गोष्ट तुम्हाला..."

"दादा, गप," धाकटा म्हणाला.

"अरे, पण..."

"गप म्हटलं ना. वीस वर्षांपूर्वी तुझ्या कुऱ्हाडी बाहेर काढल्या, त्या आता या दारानं आत सोडू का? घर माझं जातंय. बोलायचं का नाही ते मी ठरवणार." तो अधिकाऱ्याकडं वळला. "करतो सही. जंगलासाठी करतोय, दुसऱ्या कुणासाठी नाही. तेवढं लिहिता येतं का खाली?"

"तशी जागा नाही फॉर्ममध्ये," अधिकारी ओशाळून म्हणाला.

"नसेलच. दादा, चष्मा दे तुझा."

ताई उठून उभी राहिली होती. का उठली ते तिलाही कळलं नाही. जीव भांड्यात पडावा तसं तिला वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज वाटली, दोन्ही एकदम. होतंय. सोमवारी खुंट्या. बारा वर्षं. धाकट्याला ती आपल्या घरी नेईल, मागची खोली देईल, रोपं ठेवायला गच्ची आहे. रेषा साफ करायला तो इथूनही जाऊ शकेल, दोन तासांची तर बस. हळूहळू राग निवेल त्याचा. त्याचा राग कधी फार टिकत नाही.

धाकटा ओळीवर बोट ठेवून एकेक कलम वाचत होता. पहिलं, दुसरं. चौथ्यावर मान हलवली. पाचव्यावर त्याचं बोट थांबलं. ते त्यानं पुन्हा वाचलं, मग तिसऱ्यांदा, मग चष्मा काढला.

"हे काय आहे? अतिक्रमण सिद्ध झालेल्या इसमास राखीव क्षेत्रात आजन्म प्रवेशबंदी."

"हो, ते आहेच," अधिकारी म्हणाला.

"म्हणजे मी आत जायचंच नाही?"

"नाही."

"रेषेपर्यंत?"

"हद्दीपासून शंभर मीटर अलीकडं थांबावं लागेल. सापडलात तर सरळ अटक. यात मला काहीच करता येणार नाही. फार कडक कलम आहे."

"मग रेषा कोण साफ ठेवणार?"

"खात्याची माणसं ठेवतील."

"त्यांना वाट माहीत आहे?"

अधिकाऱ्यानं फाइल उघडली आणि परत मिटली. काचेजवळून दादाचा आवाज आला, एकदम हळू. "पाचवं कलम का? ते माझ्यासाठी लिहिलं होतं. होय ना गं?"

ताईनं मान हलवली. समितीत तिनंच ते रेटून घातलं होतं. बाकीचे म्हणत होते, पाच वर्षं बंदी पुरे. तीच टेबलावर मूठ आपटून म्हणाली होती, नाही, आजन्म. एकदा जंगलाला हात लावला की मरेपर्यंत आत पाय नाही. कलमाचा मसुदा तिच्याच अक्षरात होता. तेव्हा तिच्या डोळ्यांपुढं दादाचे लाकूडतोडे होते, त्यांच्या कुऱ्हाडी होत्या.

"मी झाडंच तोडली, बाई," दादा म्हणाला. या खेपेला त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

धाकट्याला हे सगळं उमगायला थोडा वेळ लागला. मग त्यानं ताईकडं पाहिलं. रागानं नाही पाहिलं. लहानपणी रेषेवर चालताना ओढा आला, की तो असाच थांबून तिच्याकडं बघायचा, ही उचलून नेईल म्हणून. घर जाऊ दे, चोर म्हणू देत, ते त्यानं सोसलं असतं, सोसतच होता. पण त्या जंगलात जायचं नाही, तर मग तो राहणार कुठं? खोलीत? गच्चीवर? एक वाक्य पुरे होतं. साहेब, साखळी अठ्ठ्याण्णव कड्यांची होती, खोटं मी केलं. धाकटा आपण होऊन ते कधी बोलला नसता. ते तिनंच बोलायचं होतं, आणि तो त्याचीच वाट बघत होता. आत्याही बघत होती, वहिनीही. काय चाललंय ते न कळता अधिकारी फाइल धरून उभा होता.

ताईच्या ओठांवर ते वाक्य आलं. मग सोमवार डोळ्यांपुढं आला, आणि दोन्ही नद्यांच्या मधलं ते हिरवं, ओलं सगळं, आणि रस्त्यावर उभे असलेले कंपनीचे ट्रक.

"सही कर," ती म्हणाली.

धाकट्यानं मान खाली घातली. चष्मा परत चढवला, पेन घेतलं आणि सही केली. बाबांनी शिकवली होती तशीच, पूर्ण नाव, खाली दोन रेघा. साक्षीदार म्हणून घरच्या एकाची सही लागत होती. दादानं हात मागं घेतले, वहिनी थर्मास उचलून बाहेर गेली. मग ताईनंच केली. अधिकाऱ्यानं दोन्ही सह्यांवर फुंकर मारली, कागद फाइलमध्ये घातला, पुन्हा एकदा वाईट वाटत असल्याचं सांगितलं आणि गेला.

आत्या काठी टेकत उठली. "मला याच्याबरोबर जायचंय," ती धाकट्याकडं बोट दाखवत म्हणाली. "तीस दिवस तर तीस दिवस. माझ्या गोळ्या तेवढ्या पाठवून दे कुणाबरोबर तरी." ताई तिला धरायला पुढं झाली, तर आत्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली आणि धाकट्याचा दंड धरला.

दारात बसून धाकटा बूट घालत होता. नाड्या बांधायला त्याला बराच वेळ लागला. ताई त्याच्यामागं येऊन उभी राहिली. क्षमा कर म्हणायची तिची हिंमत नव्हती.

"शंभर मीटर म्हणजे नेमकं कुठवर, ते मला कुणीतरी दाखवायला पाहिजे," तो नाडीकडं बघत म्हणाला. "तिथं तीस वर्षांची पायवाट आहे. सवयीनं पाय आत पडायचा. एखादी खुंटी मारून ठेवली तर बरं."

"मी येते," ताई लगेच म्हणाली. "सोमवारी येते. मी मोजून देते तुला."

धाकटा उठला, आत्याला पायरी उतरायला हात दिला.

"तू नको," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाला तरी पाठव."